तिकीट आहे, पण टाळी वाजवायची नाही!



मंडळाच्या मागच्या सहलीला बसमध्ये फुटबॉलचा विषय निघाला आणि पाठोपाठ तीन कुटुंबांनी आम्हाला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. "ऑफिसमधला एकजण मॅचची तिकिटं देतोय, पण ती समोरच्या टीमच्या बाजूची आहेत. आमच्या मुलाची टीम पाहुणी आहे. बसलं तर चालेल का?" उत्तर अर्धवट राहिलं, कारण मध्येच अंताक्षरी सुरू झाली! म्हणून आता सवडीने लिहितोय.

एका वाक्यातलं उत्तर: तिकीट खरं असलं तरी चालत नाही. का चालत नाही, हे मात्र आम्हाला चांगलीच फजिती झाल्यावर कळलं.

आमचे चिरंजीव तेव्हा नऊ वर्षांचे होते आणि लिव्हरपूलचे कट्टर भक्त. आमचा त्या गावाशी संबंध काय, तर एकदा बीटल्सचं म्युझियम बघायला गेलो होतो, एवढाच. पण शाळेत कुणीतरी सालाहचं नाव काढलं आणि घरात लाल रंगाशिवाय काही चालेनासं झालं. अशात आमच्या टीममधला एक इंग्रज सहकारी म्हणाला, "आम्ही सुट्टीला चाललोय, माझी तीन सीझन तिकिटं रिकामी जातील. लिव्हरपूल येतंय, तुम्ही जा." लंडनमधला मोठा क्लब, तीन सीट आणि क्लबच्या वेबसाइटवरून रीतसर आमच्या नावावर केलेली तिकिटं! जाताना तो एवढंच म्हणाला की लाल काही घालू नका आणि गोल झाला तर शांत बसा. आम्हाला ती इंग्रजी थट्टा वाटली. चिरंजिवांनी जर्सी घातली, वर जॅकेट घातलं, आणि आम्हाला वाटलं, झालं की काम.

विसाव्या मिनिटाला लिव्हरपूलचा गोल झाला. नऊ वर्षांच्या मुलाला शांत बसायला सांगणं म्हणजे दुधाला उतू जाऊ नको म्हणून सांगणं! तो उभा राहून ओरडला. मागच्या रांगांमधून जे शब्द आले ते मंडळाच्या पानावर लिहिण्यासारखे नाहीत. पिवळ्या जॅकेटमधला स्टुअर्ड आला आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, चेन गळ्यापर्यंत लावा, पुन्हा असं झालं तर बाहेर जावं लागेल. शेजारी सत्तरीचे एक आजोबा होते, त्याच क्लबचे. त्यांनी मुलाला एक पेपरमिंट दिलं आणि हळूच सांगितलं, टाळ्या मनातल्या मनात वाजव, मी १९७० च्या दशकात दुसऱ्यांच्या मैदानांवर तेच करायचो.

उत्तरार्धात दुसरा गोल झाला. चिरंजीव ओरडले नाहीत, फक्त दोन्ही हात वर गेले. मागून कुणीतरी प्लास्टिकचा ग्लास फेकला. तो नेमका आजोबांच्या खांद्यावर पडला. स्टुअर्ड परत आला. ग्लास फेकणारा कोण ते सापडलं नाही, आम्ही मात्र समोरच होतो. पूर्ण रांग उठवत, लोकांचे गुडघे ओलांडत, आम्ही तिघं बाहेर. ट्यूबमध्ये बराच वेळ गप्प बसल्यावर पोरगं विचारतं, "बाबा, ग्लास त्यांनी फेकला, मग बाहेर आपण का?"

त्या प्रश्नाला तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या आठवड्यात प्रकरण आणखी गंभीर झालं. क्लबने आमच्या सहकाऱ्याला पत्र पाठवलं, तुमच्या सीटवर पाहुण्या संघाचे समर्थक बसले होते, खुलासा करा. बावीस वर्षं त्याच्या घरात असलेल्या सीट! तो स्वतः आम्हाला काही बोलला नाही; दुसऱ्याकडून चहाच्या वेळी कळलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी त्याला ताकीद देऊन सोडलं. पण आमच्या लाडापायी त्याची सीट गेली असती तर आम्ही तोंड कुठे लपवलं असतं?

मग आम्ही मुकाट्याने वाचायला बसलो. इंजिनिअरची सवय, सिस्टिम अशी का बांधली ते कळल्याशिवाय झोप लागत नाही.

जुन्या काळी इथे असं नव्हतं. एकाच मैदानात दोन्हीकडचे लोक मिसळून उभे राहत. मध्यंतराला तर आपला संघ ज्या गोलावर हल्ला करणार तिकडे चालत जात. १९६० च्या दशकाच्या शेवटी आणि १९७० च्या दशकात रेल्वेने टोळ्याच्या टोळ्या दुसऱ्या गावी जाऊ लागल्या. गोलमागचा जो भाग यजमान समर्थकांचा, त्याला 'एंड' म्हणतात. त्यात घुसून तो ताब्यात घेणं हाच काही तरुणांचा खेळ झाला. उत्तर म्हणून पोलिसांनी आणि क्लबांनी पाहुण्यांना वेगळं काढलं. दोघांमध्ये मोकळी जागा ठेवली, कुंपणं घातली, पुढे तर पिंजरेच केले.

नुसतं कुंपण घालून भागत नाही, हे २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हायसेल स्टेडियमवर दिसलं. लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्यात युरोपियन कपची फायनल होती. लिव्हरपूलच्या समर्थकांना लागून 'झेड' नावाचा एक विभाग होता. तो म्हणे तटस्थ प्रेक्षकांसाठी. प्रत्यक्षात तिथली बरीच तिकिटं इटालियन लोकांच्या हाती गेली. मध्ये काय, तर तारेची तकलादू जाळी. लिव्हरपूलचे समर्थक ती तोडून धावून गेले, लोक मागे रेटले गेले, भिंत कोसळली. ३९ माणसं गेली, त्यातली बहुतेक इटालियन. इंग्लिश क्लबांना युरोपातल्या स्पर्धांतून पाच वर्षं बंदी झाली, लिव्हरपूलला सहा. भलत्या विभागातलं तिकीट म्हणजे काय, ते आम्हाला इथे समजलं. विकणाऱ्याने 'तटस्थ' म्हटलं म्हणून बसणारा तटस्थ होत नाही.

चार वर्षांनी त्याच क्लबच्या लोकांवर याच्या उलट आघात झाला. १५ एप्रिल १९८९, शेफील्डचं हिल्सबरो, एफए कपची सेमीफायनल. तिथे दोन गटांची मारामारी झालीच नव्हती. लिव्हरपूलचे समर्थक त्यांना दिलेल्या बाजूलाच होते, पण आधीच भरलेल्या पिंजऱ्यांत आणखी माणसं सोडली गेली आणि पुढे कुंपण. चेंगराचेंगरीत ९७ जीव गेले. कित्येक वर्षं दोष समर्थकांच्याच माथी मारला गेला. २०१६ साली चौकशीच्या ज्यूरीने स्पष्ट सांगितलं की हे मृत्यू बेकायदेशीर होते आणि समर्थकांच्या वागण्यामुळे ते घडले नाहीत. ज्या कुंपणांनी गुंडांना आवरायचं, त्यांनीच लोकांना मारलं.

जानेवारी १९९० मध्ये लॉर्ड जस्टिस टेलर यांचा अहवाल आला. त्यानंतर कुंपणं निघाली आणि ऑगस्ट १९९४ पासून वरच्या दोन विभागांतली मैदानं मुख्यत्वे खुर्च्यांची झाली. (अलीकडे, २०२२ पासून, काही ठिकाणी कठडे लावून परवान्याने उभं राहायला जागा देतात.) कुंपण गेलं, पण विभागणी राहिली. आज ती रेघ म्हणजे जाळीने झाकलेल्या काही रिकाम्या खुर्च्या आणि स्टुअर्डची एक रांग. अडवायला लोखंड नाही, म्हणून प्रत्येकाने आपल्या बाजूला बसणं हीच काय ती भिंत. आमच्या पोराने त्या भिंतीत एक वीट ढिली केली होती, असं समजा.

आता त्याच्या प्रश्नाचं उत्तर. ग्लास फेकणारा चुकलाच. १९९१ च्या कायद्याने मैदानाकडे किंवा प्रेक्षकांत वस्तू फेकणं हा गुन्हा आहे. आपलं यजमानांत बसणं गुन्हा नाही. तो तिकिटाच्या अटींचा आणि मैदानाच्या नियमांचा भंग, म्हणून बाहेर काढतात, अटक करत नाहीत. पण स्टुअर्डसमोर त्या क्षणी पाचशे चिडलेली माणसं असतात आणि तीन पाहुणे. पाचशेंना हलवता येत नाही. हे न्याय्य आहे का? आमच्या मते नाही. त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तेच केलं असतं.

हा सगळा नेम फुटबॉलपुरताच, ही आणखी एक गंमत. मँचेस्टरमध्ये ओल्ड ट्रॅफर्ड नावाची दोन मैदानं आहेत, एक क्रिकेटचं आणि एक मँचेस्टर युनायटेडचं, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. १६ जून २०१९ ला त्यातल्या क्रिकेटच्या मैदानावर वर्ल्डकपची भारत-पाकिस्तान मॅच झाली. निळे आणि हिरवे शर्ट एकाच रांगेत, मांडीला मांडी लावून! आणि पलीकडच्या मैदानावर शेजारच्या गावचा लाल शर्ट घालून बसता येत नाही. रग्बीला ट्विकनहॅमवर हातात बिअर घेऊन शेजारी शेजारी बसतात. फुटबॉलला मात्र १९८५ च्या कायद्यामुळे मैदान दिसेल अशा जागी दारू नेता येत नाही. आपण भारतीय लोक क्रिकेटच्या सवयीने तिकीट काढतो, तिथेच फसतो.

खरं तर आम्हाला हे कळायला हवं होतं. आम्ही पडलो कोल्हापूरचे! राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असताना आपण कुठल्या घोळक्यात बसायचं हे कधी कुणाला विचारावं लागलं नाही. चुकीच्या घोळक्यात बसून टाळी वाजवायची कल्पनासुद्धा कधी मनात आली नाही. लंडनला आलो आणि वाटलं, इथे काय, इथे सगळे साहेब!

मग मुलाची टीम पाहुणी असेल तर करायचं काय? सरळ मार्ग म्हणजे अवे तिकीट. ते यजमान क्लबकडे मागायचं नाही, आपल्या क्लबकडे मागायचं. प्रीमियर लीगच्या नियमाप्रमाणे पाहुण्या क्लबला ३,००० तिकिटं मिळू शकतात, मैदान तीस हजारांपेक्षा लहान असेल तर क्षमतेच्या दहा टक्के. मोठ्यांच्या अवे तिकिटाला २०१६-१७ च्या हंगामापासून ३० पौंडांची मर्यादा आहे, म्हणजे कित्येकदा घरच्या मॅचपेक्षा स्वस्त. अडचण एकच, मोठ्या क्लबांत ही तिकिटं आधी अनेक अवे मॅचना गेलेल्यांनाच मिळतात. मेंबरशिप घेतली की तिकीट हातात, असं समजू नका. एफए कपला पाहुण्यांचा वाटा पंधरा टक्क्यांपर्यंत जातो, तिथे नशीब थोडं बरं. आणि हो, अवे विभागात बहुतेक लोक पूर्ण वेळ उभे असतात. लहान मुलाला पुढच्या रांगा मिळाल्या तरच खेळ दिसतो, नाहीतर नव्वद मिनिटं लोकांच्या पाठी.

स्टेशनबाहेर तिकीट विकणाऱ्या माणसाच्या नादी मुळीच लागू नका. परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. शिवाय ते तिकीट कुठल्या एंडचं, हे आत गेल्यावरच कळतं.

यजमानांतच बसायची वेळ आली तर गोलमागची जागा टाळा, लांब बाजूच्या स्टँडला वातावरण जरा सौम्य असतं. फॅमिली स्टँडही यजमानांचाच असतो, नावावर जाऊ नका. जर्सी जॅकेटखालीसुद्धा नको, आणि मुलाला खरोखर गप्प बसणं जमणार आहे का, ते घरीच प्रामाणिकपणे ठरवा. फुलहॅमच्या क्रेव्हन कॉटेजवर अनेक वर्षं पुटनी एंडला तटस्थ विभाग होता, पण अशी सोय विरळा. खेळाडूचा शर्ट मागायला मुलाला मैदानात पळू देऊ नका, विनापरवाना मैदानात उतरणं हाही १९९१ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. आणि डब्यांची मोठी पिशवी नेऊ नका, बहुतेक मोठ्या मैदानांवर ए-फोर कागदाएवढीच पिशवी आत जाते. आमची थालीपिठं एकदा गेटवर अडली आहेत.

त्या सहकाऱ्याला आम्ही सहकुटुंब घरी जेवायला बोलावलं. तांबडा-पांढरा रस्सा केला. पांढरा त्याला फार आवडला, तांबड्याने डोळ्यांतून पाणी काढलं. निघताना त्यानेच सुचवलं, मुलाला महिलांच्या मॅचला घेऊन जा, तिथे एवढी कडक विभागणी नसते.

आम्ही किंग्जमेडोला गेलो, चेल्सी आणि लिव्हरपूलच्या महिला संघांची मॅच. जॅकेट घरी ठेवलं होतं. शेजारी निळा स्कार्फ घातलेली दहा-अकरा वर्षांची मुलगी आईबरोबर बसली होती. तिने लाल जर्सीकडे बघून नाक मुरडलं. चेल्सीचा गोल झाल्यावर तिने आमच्या चिरंजिवांच्या अगदी कानाशी शिट्टी मारली. त्यांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही म्हटलं, बोल की. मग मॅच संपेपर्यंत दोघं एकमेकांना चिडवत होते आणि मधूनमधून आमच्या बाकरवडीच्या पुडीत आलटून पालटून हात घालत होते.