चाक मोठे की तुंबा मजबूत?

आरमोरीहून वैनगंगेकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या लागतात. धान कापून खळ्यावर गेले की त्याच बांध्या पोरांची मैदाने होतात. आपल्या झाडीपट्टीत मंडईचे आणि शंकरपटाचे दिवस हेच. दिवसा पट आणि रात्री नाटक, हा बेत तुम्हां-आम्हांला नवा नाही. पण मागच्या हिवाळ्यात मी एका बांधीत जो पट पाहिला, त्यात ना बैल होते, ना धुरकरी. होत्या फक्त दोन मोटारी, प्रत्येकी दोन-दोन वितींच्या. पोरे धुऱ्यावर उभी होती आणि त्यांच्या हातांत एकेक डबी होती. डबीवरची कळ दाबली की रेडिओच्या लहरी गाडीला हुकूम पोचवीत आणि गाडी ढेकळांवरून उड्या मारीत पळे. अशा गाडीला रेडिओ-नियंत्रित बग्गी म्हणतात.

त्या दोहोंपैकी एक गाडी जागीच घरघरत राहिली. मोटर फिरत होती, आसही फिरत होता, मागचे चाक मात्र ढिम्म! गाडीचा मालक नववीतला मुलगा. शर्यत हरल्याचे दुःख वेगळेच, पण त्याच्या चेहऱ्यावर दुसरी काळजी दिसत होती. गाडी नागपूरला कामाला असलेल्या भावाने जुनी म्हणून दिलेली. पण तिच्या दुरुस्तीसाठी आईने तेंदूपत्त्याच्या हंगामातले पैसे काढून दिले होते, आणि तेही आता खर्ची पडले होते. तो मला म्हणाला, "मामाजी, मोठे चाक घेतले, लोखंडासारखा तुंबा घेतला, तरी गाडी तुटतेच. काहून?"

त्याचे हे 'काहून' फार मोलाचे आहे. त्याचे उत्तर आपण आज शोधू या. वाचकांपैकी पुष्कळांना अशी बग्गी कधी घ्यावयाची नसेल. पण बंडी तर साऱ्यांनी पाहिली आहे, आणि बग्गीचे उत्तर बंडीच्या चाकातच दडलेले आहे.

बंडीचे चाक डोळ्यांपुढे आणा. मध्यभागी लाकडी तुंबा, त्यात रोवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेला लाकडी घेर आणि त्यावर लोखंडी धाव. ही धाव वाढई कशी चढवतो ते आठवा. घेरापेक्षा किंचित लहान केलेली धाव तो विस्तवात लाल होईस्तोवर तापवतो, तशीच गरम घेरावर बसवतो आणि वरून पाणी ओततो. लोखंड दर अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांश भागाच्या सुमारे बारा पट वाढते. सव्वा मीटर व्यासाच्या चाकाची धाव घेराने सुमारे चार मीटर भरते. ती चारशे अंशांनी तापली तर जवळजवळ दोन सेंटिमीटर लांब होते. थंड होताना ती तेवढीच आखडते आणि साऱ्या चाकाला आवळून धरते. तिथे ना खिळा लागतो, ना सरस. दोन भागांत जागाच उरत नाही, हीच तिची ताकद.

पहिला धडा हाच की, जोड पक्की होते ती मापाने; धातू भारी असला म्हणून नव्हे. आता बग्गीकडे वळू.

बग्गीच्या आसाच्या टोकाला एक छोटा षट्कोनी तुकडा असतो. आसात एक बारीक आडवी खीळ असते, तिच्यावर हा तुकडा बसतो. चाकाच्या पाठीला तशाच सहा बाजूंचा खळगा असतो. खळगा तुकड्यावर बसतो आणि बाहेरून नट आवळला जातो. दुकानदार या तुकड्याला 'हेक्स' म्हणतात. आपण त्याला बग्गीचा तुंबा म्हणू. मोटरची सारी ताकद चाकाला मिळते ती या इवल्याशा सहा बाजूंतूनच. खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाच्या बहुतेक बग्ग्यांत त्याची रुंदी, म्हणजे समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर, १२ मिलिमीटर असते. एक-अष्टमांश मापाच्या मोठ्या बग्ग्यांत ते १७ मिलिमीटर असते. याहून लहान गाड्यांत आणखी वेगळी मापे असतात. म्हणून चाक घेण्याआधी जुना तुंबा काढून मोजावा. मोजताना कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजू नये, सपाट बाजूपासून सपाट बाजूपर्यंत मोजावे. शाळेच्या प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपर असतो. तो बहुधा कपाटातच असतो, तो या निमित्ताने बाहेर काढावा.

आपल्या मुलाची पहिली चूक इथेच झाली. त्याचा जुना प्लास्टिकचा तुंबा झिजून गोल झाला होता. असे का होते? खळगा जरासा सैल असला की सहा सपाट बाजूंवर पसरायचा भार सहा कोपऱ्यांवर येतो. कोपरे झिजतात, सैलपणा वाढतो आणि शेवटी तुंबा खळग्यात नुसता गरगरतो. पुष्कळदा मूळ कारण केवळ ढिला नट हेच असते. त्याने नवा प्लास्टिकचा तुंबा आणि नवा नट घेतला असता तर थोडक्यात भागले असते. पण त्याला वाटले, एवढे करायचे तर चाकेच मोठी घेऊ. त्याने १७ मिलिमीटरची मोठी चाके मागवली. ती १२ च्या तुंब्यावर बसेनात. मग जोडतुकडे मागवले, तेही धातूचे.

चाके बसली खरी, पण गाडी बदलली. कशी बदलली ते तीन प्रश्नांनी पाहू. चाक निवडताना हेच तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न घेराचा. समजा, नवे चाक जुन्यापेक्षा व्यासाने एक-पंचमांश मोठे आहे. मोटरच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी एक-पंचमांश जास्त पळेल, हे दिसायला छान. पण जमिनीला रेटण्याचा जोर एक-षष्ठांशाने कमी होतो. चाक वजनाने तेवढेच राहिले, तरी वजन मध्यापासून दूर गेल्याने ते फिरवायला आणि थांबवायला जवळजवळ दीडपट कष्ट पडतात, कारण इथे हिशेब अंतराच्या वर्गाने चालतो. शिवाय मोठे चाक वजनाने तेवढेच राहील कसे? ते भारीच असते. मोटर मग जास्त वीज ओढते आणि तापते. चढावर बंडी जड झाली की बैल फेसाळतो, तसलाच हा प्रकार.

दुसरा प्रश्न अंतराचा. जोडतुकड्याने चाक बाहेर सरकते. पाण्याची बादली अंगालगत धरून चाला आणि मग तीच बादली हात लांब करून धरा. खांदा लगेच सांगतो की वजन तेच असले तरी भार वाढला. चाक जितके बाहेर, तितका आसाच्या बेअरिंगवर आणि त्याला धरणाऱ्या भागावर ताण जास्त. तेव्हा जुन्या चाकाइतकेच आत बसणारे चाक घ्यावे. मोठे घेणे भागच असेल, तर वळताना ते गाडीच्या अंगाला घासत नाही ना, हे आधी पाहावे.

तिसरा प्रश्न जमिनीचा. धान निघाल्यावरची आपली माती कोरडी असता टणक असते आणि ओली असता चिकट. टणक मातीवर आखूड, दाट खुंट्यांचा टायर धरतो. भुसभुशीत आणि ओल्या मातीत उंच, विरळ खुंट्यांचा. दोन चाकांना जोर देणाऱ्या बग्गीत पुढची चाके अरुंद असतात आणि मागची रुंद; पुढच्यांचे काम वळवायचे, मागच्यांचे ढकलायचे. म्हणून चारी चाके एकसारखी मागवू नयेत. टायर रिमला चिकटवलेला आहे ना, हेही बोटाने कडा उचकून पाहावे. सुटलेला टायर झिजलेल्या तुंब्यासारखाच फसवतो. आतले चाक फिरते आणि बाहेरचा टायर मागे राहतो.

आता मजबूत तुंब्याविषयी. धातूचा तुंबा वाईट असतो असे माझे म्हणणे नाही. अ‍ॅल्युमिनियमचा चांगला तुंबा लवकर झिजत नाही. त्यातही बारीक स्क्रूने आसाला घट्ट पकडणारा तुंबा मिळतो. चाक काढले तरी तो गळून पडत नाही, आणि आडवी खीळ गवतात हरवत नाही. पण धातूचा तुंबा प्लास्टिकच्या खळग्यात सैल बसला तर तो खळगाच खातो. बंडीच्या लाकडी तुंब्यात लोखंडी नळी बसवतात ती का? लोखंडी आस नुसत्या लाकडात फिरला तर लाकूड खाईल म्हणून. मऊ आणि कठीण यांची गाठ घालताना विचार करावा लागतो, हे आपल्या वाढयाला पूर्वीपासून ठाऊक आहे. त्याची निवड पाहा. आपल्या रानातल्या धावड्याला इंग्रजीत आसाचे लाकूड अशाच अर्थाचे नाव आहे. धावडा चिवट असतो; तो धक्का सोसतो. नुसते कठीण लाकूड त्या कामाला पुरत नाही.

बग्गीतही तेच. चाकाच्या मागे बेअरिंग धरणारा जो भाग असतो, तो बहुधा नायलॉनजातीच्या प्लास्टिकचा असतो. दगडावर आपटल्यावर तो वाकतो आणि परत जागेवर येतो. तिथे अ‍ॅल्युमिनियमचा भाग बसवला तर तो जुजबी धक्क्याने हलत नाही, पण मोठ्या धक्क्याने वाकला की वाकलेलाच राहतो. आणि जो धक्का तो सोसत नाही, तो पुढच्या भागाला देऊन टाकतो. आपल्या मुलाच्या गाडीत हेच घडले. तुंबा टिकला, पण बाहेर सरकलेल्या जड चाकांनी मागचा आस वाकवला आणि त्याला धरणारा भाग तडकला. दहा-वीस रुपयांची झीज वाचवताना शेकड्यांचा खर्च झाला.

घरातल्या फ्यूजचे उदाहरण घ्या. बारीक तार वारंवार जळते म्हणून कोणी जाड तार बांधतो. तार मग जळत नाही; जळते ती घरातली वायरिंग. यंत्रात एखादा भाग मुद्दाम कमजोर आणि स्वस्त ठेवलेला असतो. तो तुटला तर त्याला दोष देण्याआधी त्याने काय वाचवले ते पाहावे. भाग मजबूत करण्याआधी स्वतःला विचारावे, 'हा तुटला नाही, तर पुढे काय तुटेल?'

हा विचार खेळण्यापुरता नाही. शंकरपटाची छकडी वजनाला हलकी करतात, पण तिच्यावर माणूस उभा असतो आणि पुढे दोन मुके जीव धावत असतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने या शर्यती थांबल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना अटींवर परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा मान्य केला. परवानगी मिळाली म्हणून जबाबदारी संपत नाही. बग्गीचे चाक निखळले तर पोर हिरमुसते. छकडीचे निखळले तर काय होते, ते सांगायला नको. पटाआधी खीळ, तुंबा आणि वंगण हात लावून तपासणे हे बैलावर माया करण्याइतकेच गरजेचे आहे.

शिक्षकबंधूंनी वर्गात एवढे करून पाहावे. बग्गी उलटी धरून चाक हाताने फिरवावे. ते गुळगुळीत आणि बराच वेळ फिरले तर बेअरिंग ठीक. नट फार आवळला असेल तर चाक लगेच थांबेल. थोडा सैल करून फरक दाखवावा. मग चाक आडवे हलवून पाहावे. खडखड आली तर बेअरिंग किंवा तुंबा झिजला. बग्गी नसेल तर सायकल चालेल, तीही नसेल तर दारातली बंडी आहेच. चाके मोजावीत, घेर काढावा, एका फेऱ्यात किती वाट सरते ते पावलांनी मोजून ताडून पाहावे. गणित असे हाताला लागले की मग ते सहसा विसरत नाही.

आमच्या मुलाचे पुढे काय झाले? मोठी चाके आणि जोडतुकडे त्याने एका मित्राला निम्म्या किमतीत देऊन टाकले. मूळ मापाची जुनी चाके परत चढवली, त्यांत १२ मिलिमीटरचे तुंबे नीट मोजून बसवले, वाकलेला आस बदलला आणि तडकलेल्या भागाच्या जागी पुन्हा प्लास्टिकचाच भाग लावला. खिशात दोन जास्तीचे प्लास्टिकचे तुंबे ठेवले. संक्रांतीच्या सुमारास पोरांचा पट पुन्हा झाला. तो दुसरा आला. मी विचारले, "आता मोठी चाके पाहिजेत का गा?" तो हसून म्हणाला, "नाही जी मामाजी, आधी आस पाहीन."

त्याच्या आईचे सारे पैसे काही परत आले नाहीत. पण आता कोणतीही वस्तू घेताना तो आधी माप विचारतो.