जुनी आलिशान मोटार : खरेदीची किंमत व बाळगण्याचा खर्च

उसाची बिले हाती आली, अथवा महामार्गाकडे गेलेल्या जमिनीचा मोबदला बँकेत जमा झाला, म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या सभासद बंधूंच्या बोलण्यात एक प्रश्न हटकून निघतो. “साठ लाखांची मोटार बारा लाखांत मिळते आहे, घ्यावी काय?” शेतीच्या मासिकात हा विषय कशाला, असे काही वाचकांस वाटेल. परंतु ज्या पैशात विहीर, ठिबक अथवा गोठा होतो त्याच पैशाचा हा प्रश्न असल्यामुळे त्याचा विचार जमाखर्चाच्या दृष्टीने करणे आम्हांस अवश्य वाटते. शेतकऱ्याने हौस करू नये, असे आमचे म्हणणे नाही. हौसेला मोल नाही, असे म्हणतात. मोटारीच्या हौसेला मात्र दरसाल मोल द्यावे लागते, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

किंमत का उतरते

नव्या मोटारीची किंमत पहिल्या पाच वर्षांत फार झपाट्याने उतरते. विम्याच्या कोष्टकातच चार ते पाच वर्षांच्या मोटारीच्या मूल्यातून 50 टक्के घट धरतात. पुढे तर मूल्य उभयपक्षी ठरवावे लागते. ही घट पहिल्या मालकाने सोसलेली असते, व तेवढ्यापुरता दुसऱ्या खरेदीदाराचा लाभ खरा आहे. परंतु येथेच पुष्कळांची फसगत होते. मोटारीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. बारा लाखांस घेतलेल्या मोटारीची गिअरपेटी बिघडली, तर नवी पेटी साठ लाखांच्या मोटारीचीच घ्यावी लागते. चार आण्यांची कोंबडी व बारा आण्यांचा मसाला, ही म्हण जणू याच व्यवहारासाठी झाली असावी.

खर्चात पाडणारे भाग

पहिला भाग हवेवरील झोक्याचा, म्हणजे एअर सस्पेन्शनचा. पुष्कळ मोठ्या मोटारींत लोखंडी स्प्रिंगांच्या जागी रबरी पिशव्या असतात व एक लहान कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. रबर वयाने चिरते आणि हवा गळू लागते. मग ती गळती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो व अखेर जळतो. पिशवी वेळीच न बदलल्यास एका खर्चाचे दोन होतात.

दुसरा भाग स्वयंचलित गिअरपेटीचा. तिच्यातील तेल जन्मभर बदलावे लागत नाही, असे विक्रेते सांगतात. परंतु अशा पेट्या तयार करणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतःच 80,000 ते 1,20,000 किलोमीटरांच्या दरम्यान तेल बदलावे असे सांगते. मोटार लाखभर किलोमीटर चाललेली असून तेल बदलल्याची पावती नसेल, तर पुढील मोठा खर्च आपल्या वाट्यास येणार, हे धरून चालावे.

तिसरी गोष्ट डिझेल मोटारींतील काजळी गाळणाऱ्या जाळीची. साचलेली काजळी जळून जाण्यास मोटार काही वेळ सलग वेगाने चालावी लागते. वस्तीवरून तालुक्यास आणि तालुक्याहून वस्तीवर, अशा पाच-सहा किलोमीटरांच्या फेऱ्यांत ती जाळी चोंदते. म्हणजे आपल्या नित्याच्या वापरासच ही मोटार सोसत नाही.

चौथी गोष्ट टायरांची. कित्येक जर्मन मोटारींत स्टेपनी नसते. पंक्चर झाल्यावरही सुमारे 80 किलोमीटर हळू चालतील असे कडक टायर तिला असतात. बाभळीच्या काट्यांच्या रस्त्यावर हे टायर वारंवार बदलणे परवडत नाही, व लहान गावी ते मिळतही नाहीत.

पेट्रोल मोटार घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्याच उसापासून होणारे इथेनॉल 2025 सालापासून देशभर पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत मिसळले जाऊ लागले. उत्पादक या नात्याने आपणांस ही इष्टापत्ती होय. परंतु असे मिश्रण सोसणारे रबरी व इतर भाग नव्या मोटारींत एप्रिल 2023 पासून सक्तीचे झाले. त्यापूर्वीच्या मोटारींतील नळ्या व गॅस्केटे लवकर झिजण्याचा संभव असतो. शिवाय पूर्वीच्या चारचाकी मोटारींचे मायलेज 6 ते 7 टक्क्यांनी घटेल, असा अंदाज सरकारच्या 2021 सालच्या आराखड्यातच दिलेला आहे.

कागदपत्रे

दिल्ली व तिच्या परिसरात 10 वर्षांपुढील डिझेल व 15 वर्षांपुढील पेट्रोल मोटारी चालविण्यास राष्ट्रीय हरित लवादाने 2015 साली मनाई केली, व 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडील मोटारी स्वस्तात इकडे येऊ लागल्या. अशी मोटार घेताना तेथील परिवहन कार्यालयाचा ना हरकत दाखला लागतो. बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ती येथे ठेवावयाची तर महाराष्ट्रात नव्याने नोंद करून येथील कर भरावा लागतो. स्वस्ताईचा बराच भाग येथेच खर्ची पडतो.

मोटार कर्जावर घेतलेली असल्यास बोजा उतरल्याची नोंद प्रथम पाहावी. खरेदीनंतर 30 दिवसांत आपले नाव लावण्यासाठी अर्ज करावा. मोटार विकणाऱ्यानेही यात हयगय करू नये. अपघात झाल्यास नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदीवर नाव असलेल्या मालकावर येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली दिला आहे.

मोटारीची मूळ नोंद 15 वर्षांची असते. पुढे पाच-पाच वर्षांनी ती नवी करावी लागते, व त्या वेळी तपासणी, शुल्क व पर्यावरण कर ही सर्व द्यावी लागतात. विम्याविषयी इतकेच सांगतो की, दहा वर्षांपुढील मोटारीचा धातूचा भाग बदलल्यास साध्या विम्यात 50 टक्के रक्कम वजा होते; रबर, प्लॅस्टिक व बॅटरी यांस तर वय न पाहता तोच नियम आहे. ही वजावट टाळणारा जादा विमा पाच वर्षांपुढील मोटारीस बहुधा मिळत नाही.

पाहणी कशी करावी

बैलबाजारात आपण बैलाचे दात पाहतो, खांदा चाचपतो, त्यास चालवून व जुंपून पाहतो, आणि मगच विसार देतो. मोटारीच्या बाबतीत मात्र रंगाची चकाकी पाहून लाखोंचा सौदा होतो, हे आश्चर्य होय. पुढील गोष्टी अवश्य कराव्यात. मोटार रात्रभर सपाट जागी उभी ठेवून सकाळी कोणता कोपरा खाली बसला आहे ते पाहावे. इंजिन थंड असता स्वतः सुरू करवून आवाज ऐकावा. चासी क्रमांकावरून अधिकृत वर्कशॉपमधील दुरुस्तीचा इतिहास मागावा, व स्कॅनर लावून मोटारीतील दोषांची नोंद वाचवून घ्यावी. टायरावरील चार आकडी खूण पाहावी. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यातील होय. गालिचा उचलून खाली चिखल अथवा आसनांच्या रुळांवर गंज आहे काय ते पाहावे. 2019 व 2021 साली कोल्हापूर-सांगलीकडील महापुरांत पुष्कळ मोटारी बुडाल्या, व बुडालेली मोटार धुऊन-पुसून बाजारात आणणारेही असतात.

वर्षाचा हिशेब

उदाहरणादाखल बारा लाखांस घेतलेली, वर्षास 8,000 किलोमीटर चालणारी डिझेल मोटार धरू. आकडे अदमासाचे आहेत. ज्याने त्याने आपले आकडे घालून पाहावे.

गुंतविलेल्या रकमेचे व्याज, दर शेकडा 9 प्रमाणे : 1,08,000 रुपये
किमतीतील घट, दर शेकडा 15 प्रमाणे : 1,80,000 रुपये
डिझेल, 800 लिटर, दर 90 रुपये : 72,000 रुपये
विमा : 40,000 रुपये
नित्याची देखभाल : 60,000 रुपये
टायर व बॅटरी, वार्षिक हिस्सा : 20,000 रुपये
मोठ्या दुरुस्तीसाठी राखीव : 1,20,000 रुपये
एकूण : 6,00,000 रुपये

म्हणजे किलोमीटरास 75 रुपये पडले, आणि त्यांत डिझेलचा वाटा अवघा 9 रुपयांचा. पंपावर दिलेले पैसे दिसतात, बाकीचे दिसत नाहीत; म्हणूनच मोटार स्वस्त वाटते. तोडणी-वाहतूक वजा जाता टनास 3,000 रुपये हाती येतात असे धरल्यास हे सहा लाख म्हणजे 200 टन ऊस झाला. एकरी 40 टनांच्या हिशेबाने पाच एकरांचे संपूर्ण पीक, तेही बी-बेणे, खते, पाणी व मजुरी यांचा खर्च न धरता, या मोटारीस घालावे लागते.

आमच्या एका सभासदाने मोबदल्याच्या रकमेतून मुलाच्या लग्नाच्या आधी अशी मोटार घेतली. वरात थाटाने निघाली. दुसऱ्या पावसाळ्यात गिअरपेटी गेली. दुरुस्तीचा आकडा ऐकून त्यांनी मोटार गोठ्याशेजारी उभी केली, आणि तेथे उंदरांनी वायरी कुरतडल्या. अखेर ती मिळेल त्या किमतीस द्यावी लागली. मोटार गेल्याचे दुःख त्यांस फारसे नाही. त्याच रकमेतून राहून गेलेली विहीर मात्र दर उन्हाळ्यात आठवते, असे ते सांगतात.

सारांश

ज्यास अशी मोटार घ्यावयाचीच आहे त्याने आमच्या मते तीन नियम पाळावेत. पहिला, कर्ज काढून ती घेऊ नये. दुसरा, खरेदीच्या किमतीचा निदान चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळा ठेवून मगच सौदा करावा. तेवढी रक्कम उरत नसेल तर ती मोटार आपल्या ऐपतीबाहेरची समजावी. तिसरा, जवळच्या शहरात ती दुरुस्त करणारा जाणता कारागीर आहे याची खात्री आधी करून घ्यावी. आणि जमिनीच्या मोबदल्याविषयी एवढेच सांगावेसे वाटते की, ती रक्कम दरसालचे उत्पन्न नसून गेलेल्या जमिनीचे मोल आहे. तिच्यातून प्रथम पाणी अथवा जमीन उभी करावी, आणि मोटारीची हौस त्यांच्या उत्पन्नातून फेडावी.