सेवेचा अहवाल आणि सेवेवरील निबंध

दिवाळीनंतर आमच्या पुतणीचा एक निबंध परत आला. ती महाविद्यालयांत शिकविते व तेथील राष्ट्रीय सेवा योजनेचें काम पाहते. १९६९ पासून चालत आलेल्या या योजनेंत विद्यार्थ्यानें वर्षाकाठीं १२० तास सेवा करावयाची व सात दिवसांच्या शिबिरास जावयाचें, हें ज्यांच्या घरचीं मुलें कॉलेजांत जातात त्या वाचकांस ठाऊकच असेल. तिच्या विद्यार्थ्यांनीं एका गांवीं घरोघर जाऊन पाणी उकळण्याचें व हात धुण्याचें महत्त्व सांगितलें. त्याचा बारा पानी वृत्तान्त तिनें एका नियतकालिकाकडे धाडिला होता. परीक्षकाचा अभिप्राय अवघा दोन ओळींचा: काम स्तुत्य आहे, परंतु त्यानें काय पालटलें तें कळत नाहीं.

पुतणी रुष्ट झाली. “काका, चाळीस मुलें सात दिवस राबलीं, तें यांना दिसत नाहीं?”

वहिनी भाजी निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, “अग, पण तुम्ही जाण्यापूर्वीं तिथं किती घरांत मुलांना जुलाब होत होते?”

पुतणी गप्प बसली. तें कोणीं विचारलेंच नव्हतें.

आम्हांस वाटतें, घोटाळा येथेंच होतो. आम्ही काय केलें, हें अहवालांत सांगितलें कीं भागतें. निबंधास मात्र त्यामुळें काय झालें, आणि तें आमच्यामुळेंच झालें कशावरून, याचें उत्तर द्यावें लागतें. याचा उत्तम दाखला आपल्याच गडचिरोलींत आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें गांवच्याच स्त्रियांस शिकवून नवजात अर्भकांची शुश्रूषा घरच्या घरीं करविली. अर्भकाचें वजन घेणें, त्यास ऊब देणें, प्रसंगीं जंतुदोषावर सुई टोचणें, इतकें सारें त्या करीत. पण १९९५ सालीं कामास हात घालण्यापूर्वीं दोन वर्षें त्यांनीं जन्म व मृत्यु नुसते मोजले. सेवा ३९ गांवांत केली; आणखी ४७ गांवें तुलनेसाठीं ठेविलीं. पीकपाणी बरें झालें किंवा सडक आली तरीहि अर्भकें अधिक जगूं शकतात. तेव्हां श्रेय कोणाचें, हें त्या ४७ गांवांवांचून कसें ठरावें? तिसऱ्या वर्षीं तुलनेंतील गांवांच्या मानानें नवजात मृत्यूंचें प्रमाण ६२ टक्क्यांनीं घटलें. हा निबंध १९९९ च्या डिसेंबरांत ‘लॅन्सेट’मध्यें छापून आला, आणि २०११ सालीं भारत सरकारनें आशाताईंकरवीं अशी गृहभेटींची शुश्रूषा देशभर सुरू केली. आकड्यांवांचून नुसत्या कळकळीवर हें झालें असतें, असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसरी गोष्ट संमतीची. माणसांविषयींच्या आरोग्य-संशोधनास नीतिसमितीची मान्यता आधींच घ्यावी लागते. काम उरकल्यावर ती मिळत नाहीं. पुतणीच्या निबंधांत एका माउलीचें छायाचित्र होतें. तिला कोणीं विचारलें होतें काय? नाहीं.

धाडण्याविषयीं थोडकेंच सांगतों. एका वेळीं एकाच नियतकालिकाकडे लेख धाडावा, व त्यांचे नियम आधीं वाचावे. आठ दिवसांत छापूं, पैसे भरा, असें म्हणणाऱ्यांपासून दूर राहावें. विद्यापीठ अनुदान आयोगानें मान्य नियतकालिकांची आपली ‘केअर’ यादी २०२५ सालीं बंद केल्यापासून ही पारख लेखकाच्याच पदरीं आली आहे.

यंदा पुतणी शिबिरापूर्वींच वही घेऊन बसली. दोन गांवें निवडलीं. प्रश्न वहिनींनीं सांगितले. पण दुसऱ्या गांवाचें नांव निघतांच त्या थबकल्या. “तिथलीं आजारी मुलं नुसतीं मोजणार कां ग?”

बऱ्याच वेळानें पुतणीनें वहींत लिहिलें: दुखणेंकरी मूल आढळल्यास त्याच दिवशीं दवाखान्यांत न्यावें, पुढील शिबिर याच गांवीं.