काट्यावरचा पंखा

सकाळी ७.३०

पहिल्या पाळीची माणसं आत गेलेली आणि रात्रपाळीची टपरीवर चहाला. धाटावच्या एमआयडीसीत दिवस असा सुरू होतो. रोहा-कोलाड रस्त्याला लागलेले टँकर, त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या दुचाक्या, आणि हवेत कसलातरी आंबूस, कधी सडक्या अंड्यासारखा वास. एप्रिलच्या पहाटे वारा पडलेला असतो, त्यामुळे रात्रभराचं सगळं खालीच साचून राहतं. दुपारी पश्चिमेचं वारं सुटलं की ते हलतं. नवीन माणूस नाकाला रुमाल लावतो. आम्ही वासावरून वारा कुठला ते ओळखतो.

माझ्या धंद्यात ही ओळख उपयोगी पडते. कॉम्प्युटर दुरुस्तीचं शिक्षण देणारे सगळे सांगतात की यंत्र तापतंय तर पंखा वाढवा, जितकी हवा जास्त तितकं बरं. पुण्या-मुंबईतल्या एसी ऑफिसात ते खरं असेल. इथे आत जाणारी हवा एकटी जात नाही.

सकाळी ८.१५

दुकान उघडून उदबत्ती लावली तेवढ्यात फोन वाजला. वजनकाट्यावरचा ऑपरेटर. "दादा, परत बंद पडला. काल बारा वाजता, साडेबाराला, मग दोनला. गाडी काट्यावर चढवली की स्क्रीन काळी."

दुपारी बाराला बंद पडतो आणि सकाळी नीट चालतो, म्हणजे निम्मं निदान फोनवरच झालं. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरी तापत राहिला तर मशीनच बंद होतं. लोक याला व्हायरस म्हणतात आणि फॉरमॅट मारून घेतात. पैसे जातात, ताप तसाच राहतो.

"नवीनच घ्या ना," असं मी काट्याच्या मालकांना पूर्वी सुचवलं होतं. जुनंच बरं, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मी गप्प बसलो. काट्याच्या इंडिकेटरमधून वजनाचा आकडा नऊ पिनांच्या जाड सिरियल केबलने येतो. तो पोर्ट या जुन्या बोर्डावर मागेच आहे. नव्या मशीनला बहुधा नसतो. कन्व्हर्टर मिळतो, पण एखाद्या दिवशी वीज जाऊन आली की पोर्टचा नंबर बदलतो, सॉफ्टवेअरला वजन दिसत नाही, आणि बाहेर दहा ड्रायव्हर हॉर्न वाजवत उभे. चालू असलेलं जुनं मशीन थंड ठेवणं इथे जास्त शहाणपणाचं.

सकाळी १०.००

झेरॉक्सवाल्याचा प्रिंटर, एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातलं इंटरनेट, एका शिक्षिकाबाईंचा लॅपटॉप ज्यात फक्त चार्जरची पिन सैल झाली होती. यात सांगण्यासारखं काही नाही.

सकाळी ११.३०

काट्यावरच्या मशीनला पंखा शोधायचा. रोह्यात ८० मिलिमीटरचे छोटे पंखे सहज मिळतात, आणि तेच लोक लावतात. मला १२०चा हवा होता. पातं मोठं असलं की तेवढीच हवा कमी फेऱ्यांत ढकलतं, आवाज कमी, बेअरिंगची झीजही कमी. दिवा-रोहा गाडीने येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडहून थोडा माल आणवून ठेवतो; त्यातला एक बॉल बेअरिंगचा, चार पिनांचा निघाला. स्वस्तातला स्लीव्ह बेअरिंगचा पंखा उन्हाळ्यात आतलं तेल सुकून लवकर घरघरायला लागतो. शंभर रुपये वाचवून दोन वर्षांनी तेच काम पुन्हा करायचं, हा हिशेब मला पटत नाही.

किती हवा लागेल याचंही साधं गणित आहे. काट्यावरचं मशीन सगळं मिळून ८० वॉट खात असेल. आतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर मिनिटाला साधारण १४ घनफूट हवा फिरली पाहिजे. १२०चा पंखा निवांत फिरला तरी याहून जास्त देतो. म्हणजे एक पंखा, तोही हळू, पुरे.

पण तेवढ्यातच दिवसाकाठी दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच वीस खोल्या भरतील इतकी हवा त्या डब्यातून जाते. धाटावची हवा. गंधकाचे वायू तांब्याला आणि चांदीला काळं करतात. इथल्या बायकांना चांदीचे पैंजण वरचेवर घासावे लागतात, ते उगाच नाही. बोर्डावरही तांबंच आहे आणि बऱ्याच सुट्या भागांत चांदी. युरोपने २००६ पासून सोल्डरमधलं शिसं काढायला लावलं, त्यानंतर बोर्डावर चांदीचा पातळ थर देण्याची पद्धत वाढली आणि गंधकाच्या हवेत बोर्ड खराब होण्याच्या तक्रारीही वाढल्या. म्हणून माझा नियम उलटा आहे: काम भागेल तेवढेच पंखे, आणि त्यांच्या तोंडाला जाळी.

दुपारी १२.३०

मुद्दाम या वेळेला गेलो. रोग दिसतो तेव्हाच वैद्याने जावं. केबिन म्हणजे पत्र्याचं छप्पर, रस्त्याकडे उघडणारी खिडकी, टेबलावर छोटा पंखा, भिंतीवर ग्रामदैवत धावीर महाराजांचा फोटो. आतला पारा ३८. इथून वर कुंडलिका नदीच्या काठाने गेलं की भिरा, जिथे २०१७च्या मार्चअखेरीस ४६.५ अंश नोंदले गेले होते आणि त्या आकड्यावर बरीच चर्चा झाली होती. आम्हाला नवल वाटलं नाही. कुंडलिकेच्या खोऱ्यात उन्हाळ्यात हवा कोंडते.

कॉम्प्युटर कुठे दिसेना. "आहे की, आत," म्हणत ऑपरेटरने टेबलाच्या बाजूचं प्लायवूडचं दार उघडलं. धूळ लागू नये म्हणून कॅबिनेट त्या कप्प्यात ठेवून दार बंद केलेलं! मागे भोक फक्त वायरीपुरतं. मशीन आपलीच सोडलेली गरम हवा पुन्हा आत ओढत होतं. अशा कप्प्यात चार पंखे लावले असते तरी तीच हवा चौपट वेगाने गरगरली असती. पंखा हवा थंड करत नाही, बाहेरची हवा आत आणतो फक्त. आणि बाहेरच गरम असेल तर त्याच्या हातात काही नाही. निम्मे लोक हे ऐकून माझ्याकडे संशयाने बघतात.

आधी आहे तसं मोजलं. वजनाचं सॉफ्टवेअर चालू, छपाई चालू: प्रोसेसर ८८ अंश आणि चढताच.

काम करायला काटा थांबवावा लागणार होता. दोन टँकरांच्या पावत्या हाताने करायचं ठरलं, ड्रायव्हर कुरकुरले, एकाने "तासभर तरी जेवून येतो" म्हणून सावली गाठली. मशीन बंद, यूपीएस बंद, केबल काढली, आणि आत उरलेला करंट जावा म्हणून चालू करायचं बटण एकदा दाबलं. मग कॅबिनेट बाहेर अंगणात नेलं. ब्लोअर आत मारला तर सगळी घाण केबिनमध्येच बसते.

झाकण काढलं. प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या पट्ट्या दिसतच नव्हत्या. त्यावर काळपट, चिकट गोधडी बसली होती. नुसती धूळ ब्लोअरने उडते. ही ओल धरलेली धूळ, मीठ आणि रसायनाने जड झालेली, ब्रशने सोडवावी लागते. पात्याला बोट लावून धरलं, कारण ब्लोअरच्या झोतात पंखा भन्नाट फिरू दिला की बेअरिंग जातं. मागच्या बाजूला पंख्यासाठी ठेवलेल्या रिकाम्या भोकांवर कुंभारीण माशीने मातीचं घरटं बांधलेलं. म्हणजे हवा जायची ती मोठी वाटही लिंपलेली. स्क्रूड्रायव्हरने घरटं पाडलं, आत कोळी कोंबून ठेवले होते. ऑपरेटर म्हणाला, "बघा, काट्यावर भाडेकरूही आहेत."

जुनी पेस्ट खडूसारखी झाली होती. ती पुसून नवी लावली, हीटसिंक बसवलं, मशीन चालू करून पाहिलं. नवा पंखा अजून हातातच होता. ७४ अंश.

मालक तोवर येऊन उभे. "मग झालं की. पंखा कशाला?" प्रश्न रास्त होता. मी सांगितलं, आज झालं. जाळी नसेल तर पावसाळा संपेपर्यंत पुन्हा गोधडी बसणार. पंखा मी थंडाव्याइतकाच धुळीसाठी लावतोय. समोरून जाळीतून हवा आत ढकलली की आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित वाढतो, मग फटीफटीतून हवा बाहेर येत राहते आणि धूळ तिथून शिरत नाही. उलट मागे बाहेर फेकणारा पंखा लावला असता, तर प्रत्येक फट धूळ ओढायला लागली असती. रस्त्याकाठच्या दुकानांत हेच चुकतं. मागची जागा हाताशी असते, म्हणून पंखा तिथे लागतो.

समोरचं प्लास्टिक खाचांतून सोडवलं. पंख्याच्या चौकटीवर दोन बाण असतात, एक पात्याच्या फिरण्याचा, एक हवेचा. बाण नसले तर उघडी बाजू हवा घेते आणि आडव्या काड्यांची बाजू सोडते. चार जाड स्क्रू लागतात. त्यांना आटे पंख्याच्या प्लास्टिकमध्ये स्वतःच पाडायचे असतात, म्हणून पहिल्या दोन फेऱ्यांना मनगट लागतं. समोरासमोरचे दोन आधी अर्धे, मग बाकीचे, मग सगळे घट्ट. एकच कोपरा आवळला की चौकट पिळते आणि पंखा थरथरतो. बोर्डावर कडेला सिस्टिम फॅनच्या पिना होत्या, तिथे वायर लावली आणि झिप टायने पात्यांपासून लांब बांधली. पंखा जेमतेम दोन-अडीच वॉट खातो; त्या पिना एक ॲम्पिअर, म्हणजे १२ वॉटपर्यंत देतात, तेव्हा काळजी नव्हती.

जाळी म्हणजे जुन्या एसीच्या फिल्टरची, कापून प्लास्टिकच्या आतून बसवली. फार बारीक जाळी लावणारे असतात. ती हवाच अडवते. जाळीने धूळ थांबते, वायू थांबत नाही. तेवढं मालकांना स्पष्ट सांगितलं. कोळशाचा थर असलेले फिल्टर मिळतात, पण ते भरले की बदलावे लागतात, आणि काट्यावर ते कोणी बदलणार नाही.

बायोसमध्ये पंख्याचा वेग तापमानाला जोडला. मग महाराजांपुढची उदबत्ती मागून घेतली आणि कॅबिनेटभोवती फिरवली. समोर धूर आत ओढला जात होता, मागच्या भोकांपाशी बाहेर ढकलला जात होता. एका मोकळ्या कार्डाच्या जागेची पट्टी गायब होती, तिथून बरीच हवा फुकट जात होती; तिला टेप मारला. कॅबिनेट आता कप्प्यात न ठेवता स्टुलावर, रस्त्याच्या खिडकीपासून लांबच्या भिंतीला.

छपाई सुरू केली. ६८ अंश, आणि तिथेच थांबला. स्वच्छतेने आणि कप्प्याबाहेर आणल्याने १४ अंश, पंख्याने ६. बिलात मात्र लोकांना पंखाच दिसतो.

दुपारी ३.१५

जेवण. डब्यात कडव्या वालांचं बिरडं. दुसरी पाळी आत चालली होती.

दुपारी ४.००

एका कारखान्यातल्या स्टोअरचा कॉम्प्युटर. गेटवर मोबाइल जमा, हेल्मेट, रजिस्टर. काम किरकोळ होतं, पण वाटेत काचेपलीकडे कंट्रोल रूम दिसते. तिथे दोन दारं असतात, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत रसायनं शोषणाऱ्या गाळण्यांतून आलेली हवा, आणि दाब बाहेरपेक्षा जास्त. तांब्याची छोटी पट्टी महिनाभर ठेवून तिच्यावर किती गंज चढला ते तपासतात. ३०० अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर हवा सौम्य. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. लाखोंच्या खर्चाने तिथे जे करतात, त्याची एसीच्या जाळीतली आवृत्ती मी काट्यावर करून आलो होतो. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी ६.३०

रोह्यात. कुंडलिकेला एप्रिलमध्येही पाणी आहे, मुळशीचं, भिऱ्याच्या वीजघरातून उतरलेलं. कारखाने या काठावर आले ते त्याच्याच भरवशावर.

बारावी झालेल्या मुलाचं गेमिंगचं मशीन. काचेची समोरची बाजू, आत इंद्रधनुष्यी दिव्यांचे सहा पंखे, आणि तरी ग्राफिक्स कार्ड ८५च्या वर. "काका, सातवा कुठे बसेल?" मी समोरची काच काढून बाजूला ठेवली. खेळ तसाच चालू. दहा मिनिटांत कार्ड ९ अंशांनी खाली. समोरच्या तिन्ही पंख्यांना श्वास घ्यायला काचेच्या कडेची बोटभर फट होती. वरचे दोन पंखे समोरून आलेली थोडीशी हवा कार्डापर्यंत पोचण्याआधीच बाहेर फेकत होते. त्यातला पुढचा काढून टाकला.

"म्हणजे पाचच?" तो खट्टू झाला. वडील खूश झाले. सहाव्या पंख्याचे दिवे तेवढे चालू ठेवता येतील का, हे त्याने दोनदा विचारलं.

रात्री ८.४५

काट्यावरून फोन. चालू आहे, दुपारपासून एकदाही बंद नाही. "पण दादा, रात्री बंद करून जाऊ का? पंख्याला तेवढाच आराम."

उन्हाळ्यात कर, म्हटलं. जूनपासून नको. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, बंद मशीन रात्रभर ओल पितं, आणि त्या ओलीतच वायू तांब्याला धरतो. चालू मशीन आतून कोमट राहतं, म्हणून कोरडं राहतं. जाळी दर शनिवारी काढायची, नळाखाली धुवायची, पूर्ण वाळल्यावर लावायची.

"आणि त्या माश्या परत आल्या तर?"

मागच्या भोकांवर जाळीचा उरलेला तुकडा लावून देतो, उद्या त्याच बाजूला येणार आहे.