बालचित्रवाणी ते टिलीमिली

खुलताबादजवळच्या म्हैसमाळच्या डोंगरावर दूरदर्शनचा मनोरा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात दूरदर्शन पोचलं ते याच मनोऱ्यामुळे. इन्सॅट उपग्रह योजनेतून १९८४ मध्ये पुण्यात मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली आणि प्रयोग, गोष्टी, गाणी मराठीतून दूरदर्शनच्या पडद्यावर आली. पुढे कार्टून नेटवर्क (१९९५) आणि पोगो (२००४) या वाहिन्या, मग छोटा भीम (२००८) ही मालिका आली. त्यांच्यामुळे मुलांच्या खेळांत हिंदी संवाद रुळले. २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद झाली. तिची उणीव कोरोनाच्या टाळेबंदीत ठळकपणे जाणवली. जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका आली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी: धडा वाचून दाखवणं नाही, तर घरात-अंगणात हाताशी असेल त्या वस्तूंनी करायचे खेळ आणि प्रयोग. मराठी मुलांना अशा कार्यक्रमांची कायमची वाहिनी मिळायलाच हवी.