आईवडिलांच्या अर्जातील मूल

दरवर्षी १७ सप्टेंबरला नांदेड आणि लातूरच्या शाळांतून मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन होते. १९४८ साली जी मुले सहा-सात वर्षांची होती, ती आज ऐंशी ओलांडून गेली आहेत. इतिहासाच्या पुस्तकात त्या काळाचा सत्याग्रह आहे, निजाम आहे, लातूरचाच वकील असलेला रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी आहे. मुलांच्या स्मरणात मात्र निराळ्याच गोष्टी राहतात: मध्यरात्री झोपेतून उठवणे, आवाज होऊ नये म्हणून तोंडावर ठेवलेला हात आणि मागे राहिलेले वासरू.

१९४७-४८ मध्ये या भागातील अनेक कुटुंबे संस्थानाची हद्द ओलांडून गेली. नांदेडकडील लोकांना पैनगंगेपलीकडचे उमरखेड जवळ होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, तिकडच्यांना बार्शी आणि सोलापूर. सप्टेंबर १९४८ च्या लष्करी कारवाईनंतर भीतीची दिशा बदलली आणि याच भागातील मुस्लीम कुटुंबांवर घरदार सोडण्याची वेळ आली. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. मोठ्यांचे पक्ष वेगवेगळे होते. मुलांची भीती मात्र एकाच जातीची होती. कोठे जायचे, केव्हा परतायचे, हे त्यांना कोणी विचारले नाही, पुष्कळदा सांगितलेही नाही.

एका ओळीत मावलेले बालपण

आज जगभर आश्रय मागणाऱ्या कुटुंबांच्या कागदपत्रांत हेच चित्र दिसते. अर्ज वडिलांचा किंवा आईचा असतो. त्याखाली अवलंबित म्हणून मुलाचे नाव, वय आणि नाते एवढेच लिहिले जाते. अमेरिकेत २१ वर्षांखालील अविवाहित मुले पालकांच्या अर्जात येतात. निकालास विलंब झाल्याने मूल वयातून बाद होऊ नये, म्हणून २००२ च्या कायद्याने अर्ज दाखल केल्याच्या दिवशीचे वय धरले जाते. ब्रिटनमध्ये १८ वर्षांखालील मुलांचा समावेश होतो. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे आश्रयाचा स्वतंत्र कायदाही नाही; संयुक्त राष्ट्रांचे निर्वासितविषयक कार्यालय काही देशांतून आलेल्या कुटुंबांची नोंद करते.

या सोयीत एक हित आहे: कुटुंब एकत्र राहते. धोकाही आहे. पालकांचा अर्ज फेटाळला गेला, तर त्यात सामावलेल्या मुलाचाही आधार सहसा जातो. मुलावर स्वतंत्रपणे ओढवलेले संकट, उदाहरणार्थ मुलीचा बालविवाह किंवा मुलाची सशस्त्र टोळीतील ओढाताण, पालकांच्या हकिकतीत कधी कधी येतच नाही. म्हणूनच मुलाला स्वतःच्या कारणासाठी वेगळा अर्ज करण्याची वाट अनेक देशांत ठेवलेली आहे. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९८९ साली संमत झाला. भारताने तो १९९२ साली स्वीकारला. त्याचे २२ वे कलम आश्रय मागणाऱ्या मुलाला संरक्षण देते आणि १२ वे कलम सांगते, की मुलाशी संबंधित बाबीत त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे.

देह बोलतो

ऐकले न गेलेले मूल देहातून बोलू लागते. लहान मुले पुन्हा अंथरूण ओले करतात, आईचा पदर सोडत नाहीत, कारण नसता पोट दुखते म्हणतात. शाळकरी मुलांना दुःस्वप्ने पडतात. पळापळीचाच खेळ ती पुन्हा पुन्हा खेळतात. किशोरवयीन मूल चिडचिडे होते, किंवा अकाली शहाणे होऊन घराचा भार उचलते. परक्या भाषेच्या मुलखात तेच दुभाषी बनते आणि आईवडिलांवर गुदरलेले प्रसंग त्यालाच शब्दांत मांडावे लागतात. हे ओझे कोणत्याही मुलावर टाकू नये. दुभाषी प्रौढच असावा.

घरात काय करावे

सक्तीने घर सोडावे लागलेले कुटुंब आपल्या नात्यात असेल किंवा शेजारी येऊन राहिले असेल. दंगल, पूर, भूकंप, कर्ज, कारण कोणतेही असो, पुढील गोष्टी उपयोगी पडतात.

मुलाला वयाला पेलेल असे खरे सांगावे. “काही झाले नाही” या वाक्याने त्याची भीती जात नाही. ती एकटी पडते. कोठे आहोत, पुढे काय होणार, कोण सोबत आहे, हे साध्या शब्दांत सांगावे. जे ठरलेले नाही, त्याचे वचन देऊ नये.

जेवण, झोप आणि शाळा यांची वेळ शक्य तितकी जपावी. ठरलेला दिनक्रम मुलाला सुरक्षिततेची खात्री देतो.

हकिकत वदवून घेण्याची घाई करू नये. चित्र काढताना, भाकरी थापताना, अंगणात बसलेले असताना मूल आपोआप बोलते. तेव्हा मध्येच दुरुस्त न करता ऐकावे.

महिन्याहून अधिक काळ झोप, जेवण किंवा अभ्यास बिघडलेला राहिला, अथवा मूल स्वतःला इजा करण्याची भाषा बोलू लागले, तर थांबू नये. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवावे. ‘टेली मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो, संकटातील मुलासाठी १०९८ आहे.

आणि घरात त्या काळातील कोणी वडीलधारे असेल, तर येत्या सप्टेंबरची वाट न पाहता त्यांच्यापाशी जरा बसावे. “काय घडले?” हे सगळेच विचारतात. “तुम्ही तेव्हा लहान होता, तुम्हांला काय वाटले होते?” हा प्रश्न पाऊणशे वर्षांत कदाचित कोणीच विचारलेला नसेल. त्या उत्तराची सवय झालेले घर आपल्या नातवंडांचेही ऐकू शकेल.