पवनचक्कीच्या आधी समुद्राचा तळ वाचावा लागतो

२०१६मध्ये नेदरलँड्सच्या सरकारने आपल्या नैर्ऋत्य किनाऱ्यापासून वीसेक किलोमीटर आत, बोर्सेले नावाच्या सागरी पट्ट्यात पवनचक्क्या उभारण्यासाठी बोली मागवल्या. जो सर्वांत कमी दरात वीज द्यायला तयार होईल, त्याला प्रकल्प. डेन्मार्कच्या डाँग एनर्जी कंपनीने, म्हणजे आजच्या ओर्स्टेडने, युनिटमागे ७.२७ युरोसेंट दर लावून जुलैत बाजी मारली. त्याच वर्षी डिसेंबरात शेजारच्या पट्ट्यासाठी शेल आणि तिच्या भागीदारांचा ५.४५ युरोसेंटचा दर आला. २०१८मध्ये दक्षिण हॉलंडसमोरच्या समुद्रातला प्रकल्प तर वॅटनफॉलच्या समूहाने सरकारी अनुदानाशिवाय घेतला. या घसरणीचे श्रेय बहुतेक वेळा मोठ्या झालेल्या पात्यांना दिले जाते. त्यात तथ्य आहे, पण माझ्या मते त्याहून मोलाचे काम बोली उघडण्याआधीच झाले होते आणि ते सरकारने केले होते.

समुद्रातल्या पवनऊर्जेचा हिशेब वेगळा असतो. कोळशाच्या केंद्राला रोज इंधन विकत घ्यावे लागते. इथे इंधन फुकट, पण जवळजवळ सगळा पैसा पहिले युनिट तयार होण्याआधीच ओतावा लागतो. तो बहुतांशी कर्जाऊ असतो, आणि जोखीम जितकी जास्त तितके व्याज चढे. म्हणून अज्ञान हाच या धंद्यातला मोठा खर्च आहे. वारा वर्षभर किती वाहतो, तळाशी वाळू आहे की गाळ, लोखंडी खांब किती खोल ठोकावा लागेल, याचा अंदाज चुकला की कंपनी बुडू शकते; त्या भीतीचे पैसे ती दरात आधीच धरते. बोर्सेलेच्या तळावर वाळूच्या लाटा आहेत आणि त्या सरकत राहतात; उत्तर समुद्रात महायुद्धातले न फुटलेले बाँबही पडून आहेत. २०१५च्या डच कायद्याने ही जबाबदारी सरकारकडे घेतली. जागा सरकारने ठरवली, तळाची आणि वाऱ्याची मोजणी करून ती सर्वांसाठी खुली केली, आणि किनाऱ्यापर्यंतची वीजवाहिनी सरकारी मालकीच्या टेनेट कंपनीवर सोपवली. सगळ्यांच्या हाती तीच माहिती आल्यावर स्पर्धा फक्त बांधकामाच्या कसबावर उरली.

खाजगी कंपन्यांच्या नफ्यासाठी जनतेचा पैसा का, असा प्रश्न यावर हमखास येतो, आणि तो रास्त आहे. वर सांगितलेल्या दरांत वीजवाहिनीचा खर्च धरलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तो लोकांनीच सोसला. पण सरकारने पाहणी केली नाही म्हणून तिचा खर्च टळत नाही. पाच कंपन्या एकाच तळाची पाच वेळा मोजणी करतील, चौघींचा खर्च वाया जाईल आणि तो पुढच्या बोलींतून ग्राहकाकडूनच वसूल होईल. दुसरा आक्षेप, निव्वळ पूर्वतयारीने बोली येत नाहीत हा, अधिक वजनाचा आहे. डिसेंबर २०२४मध्ये डेन्मार्कने ३,००० मेगावॉटसाठी मागवलेल्या बोलींची मुदत संपली आणि एकही बोली आली नाही. ज्या देशाने १९९१मध्ये विंडेबी इथे जगातला पहिला सागरी पवनप्रकल्प उभारला, त्याची ही गत! तिथे अनुदान नव्हते, वीजवाहिनीचा खर्च कंपनीवर होता आणि वर कंपनीनेच सरकारला पैसे मोजायचे होते. ब्रिटनमध्ये २०२३मध्ये कमाल दर फार खाली ठेवल्याने असेच घडले; पुढच्या वर्षी तो वाढवल्यावर बोली आल्या. व्याजदर आणि पोलादाचे भाव चढलेले असताना पूर्वतयारी एकटी पुरत नाही, विजेला हमीचा भावही लागतो. मात्र तयारी नसेल तर हमीचा तो भाव भरमसाट ठेवावा लागतो.

भारताने सागरी पवनऊर्जेचे धोरण २०१५मध्ये आणले, आणि गुजरात व तमिळनाडूचे किनारे सर्वांत आश्वासक ठरले. २०१७मध्ये गुजरातच्या सौराष्ट्र किनाऱ्यावरील पिपावावजवळच्या समुद्रात वारा मोजणारे लायडार यंत्र बसले. जून २०२४मध्ये केंद्राने दोन्ही राज्यांत मिळून १,००० मेगावॉटसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. युरोपचा आराखडा मात्र इथे जसाच्या तसा चालणार नाही. मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळ याच सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर धडकले. तशी वादळे उत्तर समुद्राला ठाऊक नाहीत. आणखी एक फरक मला जास्त काळजीचा वाटतो. युरोपातल्या मोठ्या मच्छीमार बोटींची जागा उपग्रहावर नोंदली जाते, म्हणून नियोजनकर्त्यांना मासेमारी कुठे चालते ते नकाशावर दिसते. पिपावावला लागून असलेले जाफराबाद बोंबिलाचे मोठे बंदर आहे. तिथली डोल जाळी भरती-ओहोटीच्या प्रवाहात ठराविक ठिकाणी लावली जातात, आणि ती ठिकाणे तांडेलांच्या, म्हणजे बोटींच्या प्रमुखांच्या, डोक्यात असतात. सरकारच्या नकाशात तो समुद्र रिकामाच दिसणार. बोट दुसरीकडे वळवता येते. हे जाळे प्रवाह असेल तिथेच लागते.

म्हणून तळाच्या मोजणीइतकीच मासेमारीची मोजणीही निविदेआधी व्हावी, तांडेलांना होडीत सोबत घेऊन, आणि भरपाईचे नियमही तेव्हाच ठरावेत. यात वर्षे जातील, हवामान बदलाला इतकी सवड नाही, असे कोणी म्हणेल. पण लायडार बसल्यापासून गुजरातची पहिली निविदा निघेपर्यंत सात वर्षे गेलीच, आणि पुढे ती निविदाही रद्द झाली. नेदरलँड्समध्ये मोजणी आधी करूनही २०१५च्या कायद्यापासून बोर्सेलेच्या चक्क्या फिरायला लागेपर्यंत पाच वर्षेच लागली.